दम उतरला म्हणजे दमा आटोक्यात आला असे नव्हे

डिचोली तालुक्यातील एका भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांच्या ८ वर्षांच्या मुलाला दमा आहे आणि पावसाळा सुरू झाला की रात्री खोकला व छातीत घरघर ठरलेली असते. डॉक्टरांनी त्याला दोन पंप दिले होते. निळा पंप दम लागल्यावर घ्यायचा होता आणि दुसरा रोज सकाळ-संध्याकाळ. दुसऱ्यात स्टिरॉइड असते व त्याने उंची खुंटते असे नातेवाइकांनी सांगितले. मुलगाही तोवर बरा दिसू लागला होता, म्हणून तो पंप पंधरा-वीस दिवसांत बंद झाला. यंदा चवथीला गावच्या घरी मध्यरात्री त्याला मोठा झटका आला आणि निळा पंप फ्लॅटवरच राहिला होता. सासूबाईंच्या कॅप्सूलच्या यंत्रातून (त्यात कॅप्सूल घालून तिच्यातील भुकटी श्वासाने ओढतात) औषध देऊन पाहिले, पण गुण आला नाही. शेवटी आरोग्य केंद्रात प्राणवायू आणि नेब्युलायझर द्यावा लागला आणि घरी परतताना पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. ६२ वर्षांच्या सासूबाईंनाही दमा आहे. त्या दिवसातून सहा-सात वेळा सालब्युटामॉलच्या कॅप्सूल ओढतात, जोडीला डेरिफायलीनची गोळी घेतात आणि गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्याही घेतात. पंपाची सवय लागते का, स्टिरॉइड टाळता येईल का, सिरप चालेल का, घरी नेब्युलायझर घ्यावा का आणि हैदराबादला माशातून देतात ते औषध घ्यावे का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

भगिनी,

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे तिच्यावर अवलंबून आहेत. दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिकांना आतून सूज असते आणि मूल अंगणात धावत-खेळत असते तेव्हाही ती पूर्णपणे गेलेली नसते. सर्दीचा विषाणू, ओल्या भिंतीवरची बुरशी, गादीतील धूळ किंवा धूर असे काही निमित्त मिळाले की नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, सूज वाढते, चिकट कफ साचतो आणि हवेची वाट अरुंद होते. हाच झटका. निळ्या पंपातील सालब्युटामॉल ते आवळलेले स्नायू सैल करते. त्याचा गुण पाचेक मिनिटांत जाणवतो आणि चार ते सहा तास टिकतो, परंतु सुजेवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. सूज उतरवण्याचे काम ब्युडेसोनाइड, बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन यांसारखी दुसऱ्या पंपातील औषधे करतात. ती सावकाश काम करतात. फरक दिसायला काही दिवस ते काही आठवडे लागतात आणि पूर्ण लाभ काही महिन्यांनी मिळतो. मे महिन्यात कौले शाकारली तर पावसाळ्यात घर गळत नाही, तसे हे औषध आहे. घर गळत नाही हे पाहून आपण शाकारणी निरुपयोगी ठरवत नाही. तुमचा मुलगा बरा दिसू लागला होता तो त्या दुसऱ्या पंपामुळे, आणि नेमका तोच तुम्ही थांबवलात.

यात तुम्हाला दोष देण्याचा माझा हेतू नाही, कारण स्टिरॉइडची भीती सुशिक्षित घरांतही तितकीच आहे आणि ती पूर्णपणे निराधारही नाही. रोज ब्युडेसोनाइडचा पंप घेतलेल्या मुलांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला. त्यातील मुलांनी हे औषध चार ते सहा वर्षे घेतले होते आणि प्रौढपणी त्यांची उंची सरासरी १.२ सेंटीमीटरने कमी भरली. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. मात्र दुसरी बाजूही तितक्याच नीटपणे पाहा. पंपातील मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजली जाते, औषध थेट फुफ्फुसात पोहोचते आणि जो भाग गिळला जातो तो यकृत बव्हंशी निष्प्रभ करते. याउलट आरोग्य केंद्रातून मिळालेल्या पाच दिवसांच्या गोळ्या बहुधा प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या असणार. मुलांना ते औषध दर किलो वजनाला १ ते २ मिलिग्रॅम, दिवसाला जास्तीत जास्त ४० मिलिग्रॅमपर्यंत देतात आणि ते रक्तातून सर्व शरीरात फिरते. मोठ्या झटक्यात त्या गोळ्या अत्यावश्यक असतात, त्यांनी जीव वाचतात आणि एखाद्या वेळच्या पाच दिवसांनी काही बिघडत नाही. परंतु रोजचा पंप बंद ठेवून वर्षातून चार वेळा या गोळ्या घ्याव्या लागल्या, तर हाडांना आणि वाढीला त्याचा उपद्रव पंपाहून कितीतरी अधिक होतो. शिवाय रात्र-रात्र न झोपणाऱ्या, शाळा बुडवणाऱ्या, खेळताना धाप लागून बसून राहणाऱ्या मुलाची वाढ अनियंत्रित दम्यामुळेही मंदावते. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, दुसरा पंप डॉक्टरांना विचारून याच आठवड्यात पुन्हा सुरू करावा. मात्रा शक्य तितकी कमी ठेवणे, दर तीन महिन्यांनी तिचा फेरविचार करणे आणि वर्षातून एकदोनदा उंची मोजून लिहून ठेवणे ही काळजी डॉक्टर घेतीलच. तुम्हीही आठवण करून द्यावी. पंप घेतल्यावर मुलाला चूळ भरून थुंकायला लावा, म्हणजे तोंड येणे आणि आवाज बसणे टळते.

पंपाची सवय लागते का, याचे उत्तर नाही असे आहे. त्यात व्यसन लावणारे काही नसते. निळा पंप वारंवार लागतो तो सूज वाढत असल्यामुळे, आणि तो इशारा समजावा. पफ म्हणजे पंप एकदा दाबल्यावर सुटणारा फवारा; २०० पफांचे असे तीन किंवा अधिक पंप वर्षभरात संपत असतील तर मोठ्या झटक्याचा धोका वाढलेला असतो. महिन्याला एक या हिशेबाने बारा संपू लागले तर मृत्यूचाही धोका वाढतो. ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या जागतिक संस्थेने २०१९पासून १२ वर्षांवरील कोणत्याही रुग्णाला निव्वळ सालब्युटामॉलवर ठेवू नये असे सांगितले आहे, ते याच कारणाने.

आता झटक्याच्या वेळी काय करावे ते सांगतो. चवथीच्या रात्री तुम्ही जे केले ते घाबरलेल्या कोणत्याही आईने केले असते. परंतु कॅप्सूलच्या यंत्रातील भुकटी फुफ्फुसात जाण्यासाठी रुग्णाला स्वतः जोराने श्वास ओढावा लागतो आणि धाप लागलेल्या लहान मुलात ती ताकद नसते. त्याला पंप आणि स्पेसर लागतो. स्पेसर म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी. त्यामुळे पंप दाबणे आणि श्वास घेणे एकाच क्षणी जुळवावे लागत नाही आणि औषध घशात न अडकता खाली उतरते. चार वर्षांखालील मुलांना त्याला मास्क जोडून देतात. आठ वर्षांच्या मुलाला तोंडात धरायची नळी पुरते.

मुलाला ताठ बसवा, आडवे करू नका. पंप नीट हलवा, स्पेसरला जोडा, ओठ नळीभोवती घट्ट मिटवायला सांगा, एकदाच दाबा आणि त्याला पाच-सहा साधे श्वास नळीतूनच घेऊ द्या. प्रत्येक श्वासागणिक झडप हलताना दिसली की औषध जात आहे. मग पंप पुन्हा हलवून दुसरा पफ द्या. स्पेसरमध्ये एकदम दोन-चार पफ सोडू नयेत, निम्मे औषध नळीच्या भिंतीलाच चिकटते. अशा दोन पफांनी वीस मिनिटांत आराम पडला नाही तर पुन्हा दोन द्या आणि त्यानंतर वीस मिनिटांनी आणखी दोन. सहा पफांनंतरही धाप कायम असेल, किंवा आराम पडून तीन-चार तासांच्या आत दम पुन्हा चढत असेल, तर घरी थांबू नका. तुमच्या डॉक्टरांनी पफांची संख्या वेगळी लिहून दिली असेल तर तीच पाळावी.

काही लक्षणे दिसली तर मात्र वीस मिनिटे वाट पाहत बसू नये. मुलाला एक पूर्ण वाक्य बोलता येत नाही, फासळ्यांमधली आणि गळ्याखालची कातडी श्वासागणिक आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात, मूल पाणीही पीत नाही किंवा पेंगुळते, अशा वेळी लगेच १०८ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत दर अर्ध्या ते एका मिनिटाला एक याप्रमाणे दहा पफांपर्यंत देत राहावे. आधी जोरात येणारा घरघरीचा आवाज थांबला पण मूल थकून गेलेले दिसते, तर त्याला बरे वाटले असे समजू नका. हवा आत-बाहेर होणेच कमी झाल्याने आवाज थांबलेला असतो आणि ही सर्वांत धोक्याची स्थिती आहे.

स्पेसर जवळ नसेल आणि पंप असेल, तर अर्ध्या लिटरची पाण्याची स्वच्छ, कोरडी प्लास्टिकची बाटली घ्यावी. तिच्या बुडाला पंपाचे तोंड घट्ट बसेल इतकेच भोक पाडावे, त्यात पंप बसवावा आणि बाटलीचे तोंड मुलाच्या ओठांत द्यावे. हा घरगुती उपाय वाटला तरी दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी तो मुलांवर तपासून पाहिलेला आहे आणि अडचणीच्या वेळी तो चांगला उपयोगी पडतो. विकतचा स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच निथळत ठेवावा. फडक्याने पुसला तर प्लास्टिकवर स्थिर वीज निर्माण होते आणि औषध आतच चिकटून राहते. नवा पंप, किंवा बरेच दिवस न वापरलेला पंप, आधी हवेत दोन-तीन वेळा दाबून मग वापरावा. पंपावर आकडा नसेल तर किती पफ झाले ते कॅलेंडरवर टिपून ठेवा, कारण हलवून पाहून आत औषध उरले आहे की नुसता वायू हे कळत नाही. कंपनीनुसार पंपांचे रंग बदलतात, त्यामुळे नवा पंप घेताना रंगावर विसंबू नका; त्यावरचे औषधाचे नाव वाचा.

सिरपचा उपयोग झटक्यात नाही. सालब्युटामॉलचे सिरप पोटातून रक्तात जाते, उशिरा काम करते आणि हात थरथरणे, छाती धडधडणे हे त्रास मात्र अधिक देते. गरम पाण्याच्या वाफेनेही दमा उतरत नाही, आणि मुले भाजल्याचे प्रकार त्यात घडतात ते वेगळेच. प्रतिजैविके ताप, पिवळा कफ किंवा न्यूमोनियाची खूण असल्याशिवाय लागत नाहीत.

नेब्युलायझरबद्दल माझा सल्ला सध्या घेऊ नका असाच आहे. सौम्य आणि मध्यम झटक्यात पंप व स्पेसर नेब्युलायझरइतकेच परिणामकारक ठरतात, हे मुलांच्या बाबतीतही अनेकदा सिद्ध झालेले आहे. पावसाळ्यात रात्री वीज गेली की यंत्र बंद पडते, आणि गोव्यातल्या खेड्यात वीज नेमकी अशाच रात्री जाते. त्याहून मोठी अडचण अशी की, घरी यंत्र आहे या भरवशावर माणसे इस्पितळात जाण्यास उशीर करतात. आरोग्य केंद्रात त्या रात्री जे साधले त्यात प्राणवायूचा आणि स्टिरॉइडच्या गोळीचा वाटा मोठा होता. ती गोळी परिणाम दाखवायला काही तास घेते, म्हणून लवकर पोहोचणे महत्त्वाचे ठरते. गंभीर झटक्यात तेथे सालब्युटामॉलच्या जोडीला इप्राट्रोपियम हे नलिका सैल करणारे दुसरे औषध देता येते आणि तेवढ्यानेही भागले नाही तर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट देण्याची सोय असते. घरच्या यंत्राने यातले काही होत नाही.

सासूबाईंची मला मुलाइतकीच काळजी वाटते. त्या ज्या कॅप्सूल दिवसातून सहा-सात वेळा ओढतात त्यात फक्त सालब्युटामॉल असेल, तर सूज उतरवणारे कोणतेही औषध त्यांना मिळत नाही. प्रौढांसाठी आज जो पर्याय मला सर्वांत चांगला वाटतो तो ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल यांच्या एकत्रित पंपाचा. फॉर्मोटेरॉल एक ते तीन मिनिटांत स्नायू सैल करते आणि त्याचा परिणाम बारा तासांपर्यंत राहतो, म्हणून हाच पंप रोज ठरल्या वेळी घेता येतो आणि दम लागला तरी त्याचाच जादा पफ घेता येतो. प्रत्येक जादा पफाबरोबर सूज उतरवणारे औषधही आपोआप फुफ्फुसात जाते. दिवसातील पफांची कमाल मर्यादा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावी. मात्र साल्मेटेरॉल असलेला एकत्रित पंप असा वापरता येत नाही, कारण ते उशिरा काम सुरू करते. नावे सारखी वाटतात म्हणून हे मुद्दाम सांगितले. ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलची ही पद्धत सहा ते अकरा वर्षांच्या काही मुलांमध्येही कमी मात्रेत वापरतात. तुमच्या मुलाला साधा स्टिरॉइडचा पंप पुरा पडला नाही तर डॉक्टर तिचा विचार करतील, परंतु आजीचा पंप नातवाला परस्पर देऊ नये. साध्या सालब्युटामॉलच्या पंपाची गोष्ट निराळी आहे. त्यातला १०० मायक्रोग्रॅमचा पफ लहान-मोठ्यांना एकच असतो आणि अडल्या वेळी घरातल्या कोणाचाही पंप स्पेसरमधून मुलाला देता येतो.

डेरिफायलीनबद्दल लिहायलाच हवे. त्यातील थिओफायलीनची उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडे असते. मळमळ, धडधड, झोप न येणे ही त्याची नेहमीची लक्षणे, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिन सुरू असताना रक्तातील त्याचे प्रमाण धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकते. पंपाचा नीट वापर होत असेल तर दम्यासाठी या गोळीची गरज सहसा उरत नाही. तरीही ती परस्पर बंद करू नका, नवा पंप सुरू करताना डॉक्टरांनाच ठरवू द्या. गुडघ्यांच्या गोळ्यांचीही चिठ्ठी त्यांना दाखवा. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गटातील औषधांनी काही प्रौढांचा दमा एकाएकी भडकतो, विशेषतः नाकात मस्से असणाऱ्यांचा. अशांना पॅरासिटामॉल बहुधा सोसते. रक्तदाबाच्या गोळ्या आणि काचबिंदूचे डोळ्यांत घालायचे थेंबसुद्धा सांगायला विसरू नका, कारण बीटा-ब्लॉकर गटातील औषधे, अगदी टिमोलॉलचे थेंबही, श्वासनलिका आवळतात. आणखी एक, सासूबाईंनी उमेदीची वर्षे चुलीच्या धुरात काढली असतील तर हा निव्वळ दमा नसून धुरामुळे जडलेला फुफ्फुसाचा दीर्घ आजार असू शकतो आणि त्याचे उपचार काही अंशी वेगळे आहेत. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची चाचणी, आणि एक ईसीजी करून घेतल्यास पुष्कळ गोष्टी उलगडतील.

कॅप्सूल चालू ठेवायच्या असतील तर गोव्याच्या हवेत एक पथ्य पाळावे लागते. जून ते सप्टेंबर इथल्या दमटपणात त्यातील भुकटी ओलसर होऊन गोळा होते आणि यंत्रातून सुटत नाही. म्हणून कॅप्सूल मूळ वेष्टनातच ठेवाव्यात, लागेल तेव्हा एकच काढावी आणि यंत्र धुतले तर पूर्ण वाळू द्यावे.

मॉन्टेलुकास्टची गोळी तुम्हाला कोणी सुचवली तर ती रोजच्या पंपाची जागा घेऊ शकत नाही, एवढे ध्यानात ठेवा. अमेरिकेच्या औषध नियामकांनी मार्च २०२०मध्ये या औषधाला ठळक इशारा जोडला, कारण काही रुग्णांत चिडचिड, भयानक स्वप्ने आणि नैराश्य दिसून आले. मुलाला ती सुरू झालीच तर त्याच्या वागण्याकडे लक्ष असू द्या. ओमालिझुमॅबसारखी महागडी इंजेक्शने सर्व उपाय थकलेल्या रुग्णांसाठी असतात. तुमच्या घरी तशी वेळ नाही.

मृगाच्या सुमारास हैदराबादला जिवंत माशाच्या तोंडात घालून देतात त्या औषधाने दमा बरा होतो याला शास्त्रीय आधार नाही. तिथली गर्दी, प्रवासाची दगदग आणि ‘आता पंप बंद’ हा मनात बसणारा समज, यांपैकी शेवटचा मला सर्वांत घातक वाटतो. तुम्ही मुलाची केळी, दही आणि मासळी बंद केल्याचेही लिहिले आहे. एखाद्या पदार्थाने दर वेळी त्रास होतो असे दिसले नसेल तर हे सगळे पुन्हा सुरू करा, वाढत्या वयात त्याला त्याची गरज आहे. भिंतीला ओल येते त्या खोलीत त्याचा बिछाना ठेवू नका, उशांचे अभ्रे आणि चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा, आणि चवथीआधीची माळ्यावरची झाडलोट तो घरात नसताना उरकून घ्या.

दिवाळीपूर्वी डॉक्टरांकडे एकदा जाऊन या आणि जाताना घरातील सगळे पंप, कॅप्सूल व गोळ्या एका पिशवीत घालून न्या. मुलाला आणि सासूबाईंना डॉक्टरांसमोर पंप ओढून दाखवायला सांगा, कारण अनेकदा औषध योग्य असते आणि घेण्याची पद्धत चुकलेली असते. झटक्यात काय करायचे ते मराठीत एका कागदावर लिहून घ्या, त्याची एक प्रत वर्गशिक्षिकेला द्या आणि एक निळा पंप स्पेसरसह दप्तरात कायम राहू द्या. वर्षातून एकदा दोघांनाही फ्लूची लस टोचून घेण्याबद्दल त्याच भेटीत विचारा. दिवाळीत नरकासुराचे पुतळे जाळतात त्या रात्री पहाटेपर्यंत वाड्यावाड्यावर फटाक्यांचा आणि जाळपोळीचा धूर असतो. तोवर रोजचा पंप सुरू होऊन काही आठवडे झालेले असले पाहिजेत, आणि तरीही त्या रात्री त्याला नरकासुर पाहायला न्यायचेच असेल तर दूरवरून दाखवून जाळण्याआधी घरी आणावे.